ॲस्पिरिनची गोळी आणि आतड्याचे वय



बैल घ्यायला बाजारात गेलेला जाणता शेतकरी विकणाऱ्याला बैलाचे वय विचारतो खरा, पण त्याच्या उत्तरावर तो विसंबून राहत नाही. बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मग पुढची बोलणी. त्याला ठाऊक असते की जन्माची तारीख ही एक गोष्ट आणि अंगाची झीज ही दुसरी. एकाच आठवड्यात जन्मलेले दोन गोऱ्हे घ्या. एकाला वेळेवर चारापाणी मिळाले, दुसरा उभा जन्म ओझ्याखाली वाकला. दहा वर्षांनी दोघांचे वय तेच, पण बाजारात दोघांना एक भाव मिळायचा नाही.

माणसाचेही असेच आहे. साठी उलटलेला एखादा गडी अजून डवऱ्यामागे दिवसभर चालतो, तर पन्नाशीतला दुसरा ओट्यावर बसून धापा टाकतो. आता शास्त्रज्ञांनी माणसाच्या शरीरातही असा एक 'दात' शोधून काढला आहे, की जो पाहून अंगाचे खरे वय किती झाले याचा अंदाज बांधता येतो. आणि त्याच संशोधनातून एक प्रश्न पुढे आला आहे: डोकेदुखीवर आपण घेतो ती साधी ॲस्पिरिनची गोळी आतड्याचे म्हातारपण लांबवते का? आणि लांबवत असेल, तर मोठ्या आतड्याचा कर्करोग तिने टळतो का?

प्रश्न आर्णीच्या माणसालाही लागू आहे. गोळी स्वस्त आहे, ओळखीची आहे. 'रोज एक घ्या, कॅन्सर जवळ येणार नाही,' असे कोणी सांगितले, कोणी मोबाइलवर धाडले, तर माणसाला मोह पडतो. म्हणून आज ही गोष्ट मुळापासून पाहू. काय सिद्ध झाले आहे, काय झालेले नाही, आणि आपण आपल्या गावात काय करायचे, असे तीन भाग धरून चालू.

आधी रोगाची ओळख करून घेऊ. आपले मोठे आतडे सुमारे पाच फूट लांबीचे असते. त्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. या आतड्याचे आतले अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. जुन्या पेशी गळतात, खालून नव्या पेशी वर येतात. शेतातले पीक कापावे आणि लगेच त्याच बियाण्यावर दुसरे पेरावे, तसा हा कारभार जन्मभर चालतो. इतक्या वेळा पेरणी म्हटल्यावर कुठे तरी बियाण्यात खोट येणारच. अशा खोटीतून कधी कधी अस्तरावर चामखिळीसारखा एक उंचवटा वाढतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काही मात्र वाढत जातात आणि साधारण दहा वर्षांच्या अवधीत त्यांचा कर्करोग होऊ शकतो. दहा वर्षे हा लहान काळ नव्हे. त्या काळात तो सापडला, तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो आणि पुढचे सारे संकट टळते.

सगळ्या जगाचा हिशेब केला, तर २०२२ या एका वर्षात या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्या देशात हा रोग कमी आहे. खेड्यात तर आणखी कमी. पण कमी आहे म्हणजे नाही, असे समजू नये. आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे चाळिशीच्या आतले रुग्णही पुष्कळ दिसतात, आणि ते येतात ते रोग फार पुढे गेल्यावर. का? तर परसाकडे रक्त पडले की घरातला माणूस म्हणतो, "मुळव्याध असन, जाईन आपोआप." मग कोणी झाडपाला सांगतो, कोणी दोरा बांधून देतो. बाईमाणूस तर लाजेपोटी घरातही बोलत नाही. अशात वर्ष निघून जाते. हे वर्षच महागात पडते.

आता गोळीकडे वळू. ॲस्पिरिनची आजी म्हणजे एका झाडाची साल. नदीकाठी, ओढ्याकाठी वाळुंज नावाचे झाड वाढते. त्याच जातीची झाडे युरोपात विपुल आहेत. त्या झाडाची साल तापावर व अंगदुखीवर देण्याची रीत फार जुनी. इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याने १७६३ साली रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवले की, या सालीची पूड तापाच्या रोग्यांना दिली असता गुण येतो. पुढे त्या सालीतला औषधी अंश वेगळा काढण्यात आला. त्यापासून सॅलिसिलिक आम्ल तयार झाले, पण ते पोटाला फार जाळत असे. जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन या रसायनतज्ज्ञाने १८९७ साली त्या आम्लाला थोडे बदलून सौम्य रूप दिले. १८९९ पासून ते 'ॲस्पिरिन' या नावाने विकले जाऊ लागले. शेतकरी श्रोत्यांना एक गंमत सांगतो. हे सॅलिसिलिक आम्ल झाडे स्वतःसाठी तयार करतात. पानावर रोग पडला की झाडाच्या अंगात ते वाढते आणि बाकीच्या पानांना सावध करते. म्हणजे रोगाशी लढण्याचे झाडाचेच हे हत्यार.

गोळी माणसाच्या अंगात काय करते हे मात्र पाऊणशे वर्षे कोणाला नीट ठाऊक नव्हते. इंग्लंडचे जॉन व्हेन यांनी १९७१ साली ते दाखवून दिले आणि १९८२ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुखणे, सूज, ताप यांच्यामागे ती असतात. ॲस्पिरिन ती तयार करणारा कारखानाच बंद पाडते. पण याच द्रव्यांपैकी काही जठराच्या अस्तराचे रक्षण करतात, आणि त्याच जातीच्या एका द्रव्यामुळे रक्तातल्या बारीक चकत्या एकमेकींना चिकटून जखमेवर गाठ धरतात. म्हणून ॲस्पिरिनने दुखणे थांबते, पण पोटात व्रण पडण्याचा आणि रक्तस्राव होण्याचा धोकाही त्याच गोळीतून येतो. एका गोळीचा परिणाम चकत्यांवर सात ते दहा दिवस राहतो. गुण आणि अवगुण यांचे मूळ एकच आहे, हे ध्यानात ठेवा. पुढचा सारा निर्णय यावरच उभा आहे.

या गोळीचा कर्करोगाशी संबंध कसा जोडला गेला? ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे गॅब्रिएल कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांची आणि निरोगी माणसांची चौकशी केली. १९८८ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हा रोग कमी दिसतो. पुढे इतर देशांतही तसेच आढळले. सूज हा पॉलिपच्या वाढीला खतपाणी घालणारा प्रकार आहे, आणि ॲस्पिरिन सूज कमी करते. तेव्हा कारणही पटण्यासारखे होते.

आता तो 'दात' काय आहे ते पाहू. हा भाग थोडा अवघड आहे, पण सातबाऱ्याचा उतारा पाहिलेल्या माणसाला तो समजायला वेळ लागणार नाही.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो. आईबापांकडून आलेली ती वडिलोपार्जित जमीनच म्हणा. गट नंबर तोच, क्षेत्र तेच, चतुःसीमा त्याच. पण सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. त्यात बोजा चढला की जमीन तीच असूनही व्यवहार अडतो. बोजा उतरला की व्यवहार मोकळा होतो. डीएनएवरही अशाच नोंदी होतात. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा बारीकसा कण, त्याला मिथाइल म्हणतात, डीएनएच्या ठरावीक जागी येऊन चिकटतो. जिथे असे कण दाटीने बसतात, तिथले जनुक सहसा गप्प होते. जनुक बदलत नाही, फक्त त्याचे काम बंद पडते. या नोंदींच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात.

वय वाढते तशा या नोंदी बदलत जातात, आणि त्या बऱ्याच ठरावीक पद्धतीने बदलतात. अमेरिकेतील स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ साली डीएनएवरच्या ३५३ जागा निवडल्या. तिथल्या नोंदी पाहून माणसाचे वय सांगण्याचे एक गणित त्यांनी बसवले. त्याला 'एपिजेनेटिक घड्याळ' असे नाव पडले. माणसाचे वय ६० आणि घड्याळ म्हणते ६६, तर अंगाची झीज वयाच्या पुढे गेली. घड्याळ म्हणते ५५, तर तब्येत राखली गेली. बैलाच्या दातासारखेच हे शास्त्र आहे.

आता याचा आतड्याशी संबंध असा. पेशीच्या आत नकलेतल्या चुका दुरुस्त करणारे काही कारागीर असतात. त्यांपैकी एकाचे नाव एमएलएच-१. काही घराण्यांत हे जनुक, किंवा त्याच्या जोडीचे दुसरे एखादे, जन्मतःच नादुरुस्त असते. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. अशा घरांत मोठ्या आतड्याचा आणि स्त्रियांत गर्भाशयाचा कर्करोग तरुण वयात, पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. पण गंमत पाहा. दुसऱ्या काही माणसांत हेच जनुक जन्मतः धडधाकट असते, आणि उतारवयात त्याच्यावर मिथाइलचा बोजा चढून ते बंद पडते. पहिल्या घरात कारागीर मुळातच लंगडा. दुसऱ्या घरात कारागीर चांगला, पण त्याच्या दाराला कुलूप. परिणाम मात्र सारखाच. चुका साचतात आणि कर्करोगाला वाट मिळते. अस्तराच्या म्हातारपणाचा आणि कर्करोगाचा धागा जुळतो तो असा.

स्वित्झर्लंडमधील बासेल येथील संशोधकांनी २०१४ साली निरोगी स्त्रियांच्या मोठ्या आतड्याच्या अस्तराचे नमुने तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीर्घकाळ ॲस्पिरिन घेणाऱ्या स्त्रियांत वयाबरोबर चढणारा हा बोजा कमी गतीने चढलेला दिसला. धूम्रपान करणाऱ्या आणि अंगाने फार स्थूल असलेल्या स्त्रियांत तो जास्त गतीने चढलेला होता.

तर मग झाले की! गोळी घेतली, बोजा कमी झाला, रोग टळला! असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. इथेच खरा विवेक करायचा आहे.

बैलाच्या बाजाराचीच गोष्ट पुन्हा आठवा. लबाड व्यापारी कानस घेऊन बैलाचे दात घासतो आणि म्हातारा बैल तरणा म्हणून गळ्यात बांधतो. दात घासल्याने बैल तरणा होत नाही. दात ही वयाची खूण आहे, वयाचे कारण नव्हे. तसेच डीएनएवरच्या या नोंदींपैकी काही रोगाचे कारण असतील, पण पुष्कळशा नुसत्या खुणा असतील. खूण बदलली म्हणून रोग टळलाच, असा निकाल त्यावरून देता येत नाही.

दुसरी गोष्ट तुलनेची. समजा, गावात ज्यांनी एका विशिष्ट जातीची तूर पेरली त्यांना उतारा चांगला आला. ही बियाण्याची करामत म्हणायची का? ज्यांनी ते महागडे बियाणे घेतले त्यांच्याकडे विहीर होती, खत होते. मग पीक कशाने आले? पुरते कळायचे तर एकाच शेताचे तुकडे करायचे, चिठ्ठ्या टाकून एका तुकड्यात हे बियाणे आणि दुसऱ्यात ते पेरायचे, बाकी पाणी-खत सारखे. औषधाचेही तसेच. ॲस्पिरिन आपणहून घेणारी माणसे इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. म्हणून चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट करतात. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली. कोणाला कोणती दिली हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना देणाऱ्याला. काही वर्षांनी हिशेब मांडायचा.

असे हिशेब मांडले गेले आहेत. त्यांतले तीन सांगतो.

पहिला हिशेब लिंच सिंड्रोमच्या घराण्यांचा. इंग्लंडच्या जॉन बर्न यांनी अनेक देशांतील अशा ८६१ व्यक्तींवर चाचणी केली. एका गटाला सरासरी दोन वर्षे रोज ६०० मिलीग्रॅम ॲस्पिरिन दिले. २०२० साली प्रसिद्ध झालेला दीर्घ मुदतीचा हिशेब असा: गोळी घेतलेल्या १०० जणांपैकी सुमारे ९ जणांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, न घेतलेल्या १०० पैकी सुमारे १३ जणांना. फायदा खरा, पण लगेच दिसला नाही. काही वर्षांनी दिसू लागला.

दुसरा हिशेब साध्या, निरोगी वृद्धांचा. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ माणसांवर ही चाचणी झाली. बहुतेक सत्तरीपुढची. रोज १०० मिलीग्रॅमची गोळी, सरासरी पावणेपाच वर्षे. २०१८ साली निकाल आला. गोळीने धडधाकट आयुष्य वाढले नाही. गंभीर रक्तस्राव मात्र वाढला: गोळी न घेणाऱ्या १,००० माणसांत २८ जणांना, तर घेणाऱ्या १,००० माणसांत ३८ जणांना. कर्करोगाने होणारे मृत्यूही गोळी घेणाऱ्यांत कमी नव्हे, उलट थोडे जास्तच भरले.

तिसरा हिशेब कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि नॉर्वे या देशांत झालेल्या चाचणीचा निकाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णांच्या गाठीत एका विशिष्ट प्रकारचा जनुकीय बदल होता, त्यांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे रोज १६० मिलीग्रॅम ॲस्पिरिन दिले असता रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पण गाठ तपासून तो बदल आहे की नाही हे आधी पाहावे लागते.

आपल्या देशातही हा शोध चालू झालेला आहे, हे सांगायला आनंद वाटतो. ब्रिटन, आयर्लंड आणि भारत या देशांत मिळून 'ॲड-ॲस्पिरिन' नावाची मोठी चाचणी हाती घेण्यात आली, आणि भारतातली तिची धुरा मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने वाहिली. कर्करोगाचा पहिला उपचार पुरा झालेल्या रुग्णांना काही वर्षे ॲस्पिरिन दिल्याने रोग परत येणे टळते का, हे त्यात पाहायचे आहे. मोठ्या आतड्याबरोबर स्तन, अन्ननलिका-जठर आणि पुरःस्थ ग्रंथी यांचे कर्करोगही त्यात धरले आहेत.

या साऱ्याचे सार काय? अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०१६ साली पन्नाशीतल्या काही लोकांना हृदय आणि आतडे या दोहोंसाठी ॲस्पिरिन सुचवले होते. नवे हिशेब आल्यावर २०२२ साली त्याच समितीने सांगितले की, आतड्याच्या कर्करोगासाठी पुरावा पुरेसा नाही, आणि साठीपुढे निरोगी माणसाने हृदयविकार टाळण्यासाठीही ही गोळी नव्याने सुरू करू नये. विज्ञान आपले मत बदलते ही त्याची लबाडी नव्हे. नवा हिशेब आला की जुने टिपण खोडणे, हाच त्याचा प्रामाणिकपणा.

तेव्हा निकाल असा की, कर्करोग टाळण्यासाठी आपल्या मनाने रोज ॲस्पिरिन घेऊ नका.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती तितकीच महत्त्वाची. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आहे, किंवा ज्यांना अर्धांगाचा झटका येऊन डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली आहे, त्यांनी हे भाषण ऐकून ती बंद करू नये. त्यांच्यासाठी ७५ मिलीग्रॅमची ती बारीक गोळी जीव राखणारी आहे. बंद करायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

पोटात व्रण असलेला माणूस, रोज दारू पिणारा, गुडघेदुखीसाठी आधीच दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या घेणारा, दम्याचा रुग्ण, गरोदर स्त्री, या सर्वांना ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालत नाही. डेंग्यूची शंका असलेल्या तापात ती मुळीच घेऊ नये. त्या रोगात रक्तस्रावाचे भय असते आणि गोळीने ते वाढते. तापलेल्या लहान मुलांना तर ॲस्पिरिन देऊच नये. त्यांना त्यापासून मेंदूचा आणि यकृताचा एक भयंकर विकार जडू शकतो.

२०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. ते दुःख आपण विसरलेलो नाही. औषध पिकाचे असो की माणसाचे, मात्रा किती, कोणाला, कोणत्या वेळी, हे जाणकाराला विचारल्याशिवाय त्याच्याशी सलगी करू नये, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे, आणि त्याला फारसा खर्च नाही.

आतड्याच्या म्हातारपणाची गती वाढवणाऱ्या दोन गोष्टी बासेलच्या संशोधनात दिसल्या: धूर आणि स्थूलपणा. विडी-सिगारेट सोडा. खर्रा तर सोडाच. त्याने तोंडाचा कर्करोग होतो हे आपल्या विदर्भात घरोघर पाहायला मिळते. दारू आतड्याच्या कर्करोगाचाही धोका वाढवते. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची किंवा दुसरी कोणतीही पालेभाजी, हे आपले साधे जेवण चोथायुक्त आहे आणि आतड्याला मानवते. तालुक्याच्या गावी राहून ज्यांचे चालणे सुटले आहे, त्यांनी रोज अर्धा तास अरुणावतीच्या पुलापर्यंत का होईना, पायी जाऊन यावे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे लवकर ओळखणे. शौचावाटे रक्त पडणे, शौचाची सवय तीन आठवड्यांहून अधिक काळ बदललेली राहणे, पोट साफ न झाल्यासारखे सारखे वाटणे, कारण नसता वजन घटणे, आणि पुरुषांत किंवा उतारवयातल्या स्त्रियांत अंगातले रक्त कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर आर्णीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. 'मुळव्याध आहे' असे म्हणण्याचा अधिकार तपासणाऱ्या डॉक्टरांचा आहे, शेजाऱ्याचा नाही. आपल्याकडे गुदाशयाचे कर्करोग पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेचसे डॉक्टरांच्या हाताच्या बोटाला लागतील इतक्या अंतरावर असतात. दोन मिनिटांची तपासणी. तिला लाजू नका, आणि डॉक्टर ती करायला विसरले तर तुम्ही आठवण द्या. पुढची दुर्बिणीची तपासणी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला किंवा नागपुरात करावी लागेल. कर्करोगाच्या पुष्कळ उपचारांना महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार मिळतो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला त्याविषयी विचारावे.

शिक्षकबंधू-भगिनींना एक खास विनंती आहे. 'नुसते सांगून काय होते?' असे आपल्याला कधी कधी वाटते. त्याला सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने उत्तर दिले आहे. १९८७ साली बार्शी येथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत. लोकांना जमवून कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत, आणि लक्षण असलेल्याला तपासणीला जाण्याचा आग्रह करीत. फार मोठी यंत्रे त्यांच्यापाशी नव्हती. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले की, या सांगण्यामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात पोचू लागल्या. रोग गर्भाशयमुखाचा असो की आतड्याचा, लवकर येण्याचे मोल तेच.

आर्णी तालुक्यातल्या शाळांना हे सहज जमेल. पालकसभेत पाच मिनिटे काढून वर सांगितलेली लक्षणे वाचून दाखवा. स्त्रियांच्या बैठकीत हे काम आशाताईंकडे किंवा शिक्षिकेकडे द्या, म्हणजे संकोच राहणार नाही. आणि फळ्यावर तीन आकडे लिहा: तीन, दोन, एक. घराण्यात मोठ्या आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाचे तीन रुग्ण, त्यांतला एक बाकी दोघांचा अगदी जवळचा, म्हणजे आईबाप, भावंड किंवा अपत्य. ते दोन पिढ्यांतले. आणि त्यांपैकी एकाला तरी पन्नाशीच्या आत झालेला. असे असेल, तर त्या घरात लिंच सिंड्रोमची शंका घ्यावी आणि घरातल्या निरोगी माणसांनीही मोठ्या रुग्णालयात जाऊन सल्ला घ्यावा. ॲस्पिरिनचा फायदा सिद्ध झाला आहे तो अशाच घरांसाठी, आणि त्यांनाही ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आहे. घरात कोण कशाने गेले हे म्हाताऱ्या माणसांना आठवते, तोवर वहीत उतरवून ठेवा. ही वही पुढच्या पिढीला सातबाऱ्याइतकीच उपयोगी पडेल.

आतड्याचे वय मोजणारे घड्याळ आज प्रयोगशाळेत आहे. उद्या ते दवाखान्यात येईल, आणि कोणाला गोळी द्यावी, कोणाला देऊ नये, हे डॉक्टर अधिक नेमकेपणाने सांगू शकतील. तोपर्यंत आपल्यापुरते एवढे पुरे: गोळी विचारून घ्यावी, आणि रक्त दिसले तर लपवू नये.